चर्चच्या ऑफिसात चावीचा टायमर आणि डू नॉट डिस्टर्ब : लेंटपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

जालन्यात एका चर्चचं ऑफिस मी सांभाळते. वर्गणीच्या पावत्या, हिशेब, उपासनेचा क्रम टाइप करणं, दाखले, हॉलचं बुकिंग, सगळं एकाच टेबलावर. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू झाला त्या 18 फेब्रुवारी 2026 पासून दोन गोष्टी वापरतेय : तीनशेच्या आत मिळालेला चावीचा किचन टायमर आणि फोनची घंटी बंद ठेवणारं डू नॉट डिस्टर्ब. टायमरला पाचपैकी अडीच, फोनच्या सेटिंगला साडेचार.

टायमरची पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाची. विद्यार्थी असताना, 1980 च्या दशकाच्या शेवटी, टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर त्यानं ती बसवली. 25 मिनिटं एकच काम, मग 5 मिनिटं सुट्टी. रविवारच्या दानाच्या पाकिटांची नोंद करायला हे माप झकास आहे. लाइट गेली तरी टायमर चालतो, हे आमच्याकडे महत्त्वाचं. संदेशाच्या, म्हणजे उपासनेतल्या प्रवचनाच्या, तयारीला मात्र तो कामाचा नाही. पाळकसाहेबांनी थोडे दिवस वापरून तो परत माझ्या टेबलावर आणून ठेवला. शास्त्रपाठ उघडून मन लागतंय तोच घंटी. आता ते शुक्रवारची सकाळ सलग घेतात. कॅलेंडरात ती वेळ ‘संदेश’ म्हणून अडवलेली असते आणि पास्टोरेट कमिटीलाही, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीलाही, दिसते.

कॅलेंडरात नाताळ एकदा टाकला की दरवर्षी येतो, ईस्टर तसा येत नाही. 21 मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार, असा त्याचा हिशेब. 2026 ला तो 5 एप्रिलला होता. म्हणजे 29 मार्चला झावळ्यांचा रविवार, मंगळवारी आर्थिक वर्ष संपलं, शुक्रवारी गुड फ्रायडे. ऑडिटरची व्हाउचरं आणि गुड फ्रायडेच्या, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेचा क्रम एकाच प्रिंटरवर! 2027 ला ईस्टर 28 मार्चलाच आहे, तेव्हा व्हाउचरं फेब्रुवारीत लावून ठेवायची असं कॅलेंडरात आत्ताच लिहिलंय.

जूनमध्ये शाळांच्या प्रवेशामुळे बाप्तिस्म्याच्या दाखल्यांची गर्दी असते. जुन्या रजिस्टरात नाव शोधायचं तर साल नक्की नसतं, आडनाव वेगळं लागलेलं असतं. म्हणून दाराला पाटी लावली : दाखले 11 ते 1. पण परतूरहून किंवा भोकरदनहून एसटीनं आलेल्या माणसाला ‘उद्या या’ कसं म्हणणार? बाहेरगावच्यांना पाटी लागू नाही, हे आता शिपाईदादांनाही पाठ आहे.

आता फोन. चर्चचा फोन सरसकट बंद ठेवता येत नाही. कुणी अत्यवस्थ असतं, कुणाच्या घरी मयत होते, आणि मग दफनविधीची वेळ, कबरीची जागा, मंडळीला निरोप, सगळं तासाभरात हलवावं लागतं. डू नॉट डिस्टर्बमध्ये रिपीट कॉलर्स चालू ठेवलं की अँड्रॉइडवर 15 मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा आलेला फोन वाजतो. पाळकसाहेबांच्या आयफोनवर ही मुदत 3 मिनिटांची आहे, हे ऑफिस आणि पाळक दोघांनी आधीच बघून घ्या. कमिटीचे सेक्रेटरी आणि कबरस्तानाचा राखणदार यांचे नंबर स्टार केलेत, ते पहिल्यांदाच वाजतात.

हे सगळं मंडळीला कळायला हवं, म्हणून उपासनेनंतरच्या सूचनांत सांगितलं : तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. पुढच्याच आठवड्यात साखरपुड्याला हॉल मोकळा आहे का म्हणून एका मावशींचा लागोपाठ दोनदा फोन. तातडीचं होतं का विचारलं, तर म्हणाल्या, “साहेबानीच तर सांगितलं दोनदा लावा म्हणून.” वर मलाच, “पहिल्यांदा कामून नाही उचलला?”

शेवटी हॉलच्या भिंतीवर बुकिंगसाठी कमिटीतल्या एका सभासदाचा नंबर रंगवून घेतला. तेव्हापासून दुसऱ्यांदा वाजणारा फोन बहुतेक वेळा खरंच तातडीचा असतो.