इम्पोर्टेड पेल एल, वरुडचा उन्हाळा आणि तारखेवर चिकटवलेलं स्टिकर

पेल एल म्हणजे हॉपच्या वासाची कडवट बियर, आणि हॉप म्हणजे बियरला तो वास आणि कडूपणा देणारी फुलं. किती टक्के अल्कोहोल, कोणता हॉप, यात जास्त शिरत नाही. मी लिहून राहिलो ते त्या पांढऱ्या स्टिकरबद्दल, ज्यावर एमआरपी, इम्पोर्टरचा पत्ता आणि इशारा असतो. अख्खी बाटली मोकळी पडलेली असते पण यांना चिकटवायला जागा सापडते ती नेमकी पॅकिंगच्या तारखेवर.

मागच्या वर्षीच्या संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे आले तेव्हापासून हा शौक लागला. नागपूरला माल घेऊन गेलो की वरुडला येताना एक-दोन बाटल्या, परवाना खिशात. आम्ही काटोल-जलालखेड्याच्या रस्त्याने येतो म्हणून जमतं, अमरावती हायवेने आलं की मध्ये कारंजा, तळेगाव लागतं, तो वर्धा जिल्हा, तिथे 1974 पासून दारूबंदी.

तर झालं असं की मे महिन्यात एक ब्रिटनची बाटली घेतली, 330 मिली, साडेतीनशे रुपयांच्या वर. तेवढ्यात आपली नेहमीची मोठी बाटली येऊन वर चखणा होतो. उघडली तर हॉपचा वास नावाला नाही, ओल्या पुठ्ठ्याचा वास, आणि चव गुळचट. पुढच्या खेपेला दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणे, "भाऊ, ही बियर कडूच असते, सवय व्हा लागते." म्हटलं अरे बाप्पा, कडू असती तर आलोच नसतो, गोड निघाली म्हणून तर आलो! उघडलेली वापस होत नाही म्हणे. आता न उघडता कसं कळणार, तारीख तर तुमच्या स्टिकरखाली! "एक्सपायरी झालेली नाही" एवढंच त्याचं पालुपद.

एक्सपायरीचा प्रश्नच नाही ना. पेल एल खराब होऊन कोणी आजारी पडत नाही, तिची मजा जाते. हॉपचा वास सगळ्यात आधी उडतो, कडूपणा हळूहळू उतरतो, मग माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, गोडवा एकटा वर येतो आणि बाटलीत राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजनने तो पुठ्ठ्याचा वास धरतो. हे सगळं गरमीत झपाट्याने होतं. आता हिशेब करा, जहाजात काही आठवडे, मग बंदर, कस्टम, गोडाऊन, मग ट्रक, आणि शेवटी नागपूरचं बिना-एसीचं दुकान, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. वरून दोन बाटल्या रस्त्याकडल्या काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेल्या. उन्हाने हॉपमधल्या कडू द्रव्यापासून वेगळाच घाण वास तयार होतो. तपकिरी काच बरंचसं अडवते, हिरवी आणि पांढरी जवळपास काहीच नाही. शोकेसमधली हिरवी बाटली फुकट दिली तरी घेऊ नका.

कोणी म्हणेल, इंग्रजांच्या काळात पेल एल जहाजाने आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करून भारतात यायचीच की. यायची, पण तेव्हा हॉप्स भरपूर टाकायचे ते बियर टिकावी म्हणून. आजच्या पेल एलमध्ये लोक पैसे मोजतात ते हॉपच्या ताज्या वासासाठी, आणि तोच टिकत नाही.

म्हणून माझं मत पक्कं झालं होतं की इम्पोर्टेड पेल एल म्हणजे पैशाची नासाडी. इथपर्यंत दिवाळीच्या आधी लिहून ठेवलं होतं.

मग भाचा आला अमेरिकेतून. दोन लिटरपर्यंत आणता येते, त्यात त्याने माझ्यासाठी सिएरा नेवाडा पेल एल आणली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावची, 1980 पासून बनते, 5.6 टक्के. आमच्या वरुड-मोर्शीला विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात, खऱ्या कॅलिफोर्नियाची चव अशी घरपोच आली. पॅकिंगची तारीख उघडी, ताजी, वर कुठलंच स्टिकर नाही! बुडाशी थोडा गाळ दिसला तर शेजारचा म्हणे खराब झाली. खराब नाही, ते यीस्ट आहे, ही बाटलीतच शेवटचं आंबते.

आणि काय वास होता, बाप्पा. पपनसाची साल नखाने खरवडली की जो फवारा उडतो तो, मागून थोडा देवदारासारखा, मग साफ कोरडा कडूपणा. शेजाऱ्याने विचारलंच, "यात संत्र्याचा रस टाकते काय?" एक थेंब नाही, हा सगळा कॅस्केड नावाच्या हॉपचा प्रताप. संत्र्यात जन्म गेला तरी मी दोनदा वास घेतला. एकच, बर्फगार पिऊ नका, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेवा, आणि स्टीलच्या उभ्या गिलासात तर नकोच, काचेचा घ्या, नाहीतर वास कळत नाही.

म्हणजे बियरमध्ये खोट नव्हती. मत बदललं, स्टिकरवरचा राग मात्र दुप्पट झाला.

स्टिकर काढायचे सगळे उपाय करून झाले. पाण्यात भिजवलं तर कागद निघतो, गोंद राहतो. पेट्रोलने गोंद गेला आणि त्याच्याबरोबर तारीखही गेली. खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवलं की चालतं, पण मिसेस म्हणे, "काय लावून राहिले तुम्ही त्या बाटलीले?" आणि तसंही, पैसे दिल्यावर तारीख कळून काय उपयोग? दुकानदार आधी काढू देत नाही, स्टिकर निघालं की माल विकता येत नाही म्हणे.

शेवटी हे सापडलं. तारीख काचेवर मानेपाशी छापलेली असेल तर तिथे बियर नसते. स्टिकरच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि पलीकडून पाहा, आकडे उलटे दिसतात, फोटो काढून फिरवून घ्या. अमेरिकन बाटलीवर महिना आधी असतो हे लक्षात ठेवा. चार महिन्यांच्या वरची मी ठेवून देतो, आणि होळीनंतर तर इम्पोर्टेड घेतच नाही. लेबलच्या कागदावर छापलेली असेल तर टॉर्चने काही होत नाही, त्यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.