पैठणी घेताना: रेशीम शुद्ध आहे, पण विणकाम हातमागाचे आहे का?

दुकानदार ‘एकदम ओरिजिनल’ म्हणत पैठणी उलगडतो, तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात. रेशीम खरे आहे का, आणि साडी पैठणीच्या रीतीने हातमागावर विणलेली आहे का. शंभर टक्के रेशमाच्या पण यंत्रमागावर झालेल्या पैठण्या बाजारात भरपूर आहेत. त्या मालात खोट काही नाही, पण हातमागाच्या भावाने विकल्या तर ती सरळ फसवणूक आहे.

रेशमाची परीक्षा सोपी. टोकाच्या दशांतून एक उभा आणि एक आडवा धागा काढून जाळा. दोन्ही जाळायचे, कारण सेमी पैठणीत अनेकदा उभे किंवा आडवे, एकाच दिशेचे धागे रेशमाचे असतात. रेशमाला जळत्या केसांचा वास येतो, ज्योत दूर केली की ते विझते आणि राख चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. सिल्क मार्कचे लेबल (२००४ पासून) रेशमाचीच हमी देते, मागाबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी २००६ मध्ये आलेला हँडलूम मार्क पाहायचा.

विणकाम ओळखायचे तर पदर उलटा करा. हातमागावर मोराच्या, पोपटाच्या प्रत्येक रंगाची कांडी (धागा गुंडाळलेली नळी) वेगळी असते. विणकर ती त्या रंगाच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. म्हणून मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते आणि नक्षीच्या तिरप्या कडा बारीक पायऱ्यांच्या असतात. यंत्रमागाच्या जॅकार्डवर (नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रणेवर) रंगीत धागा मागून एका नक्षीपासून दुसरीपर्यंत मोकळा धावतो. तो तसाच सोडला तर बांगडीत अडकतो, कापला तर कडेला झालर उरते. पदराच्या मागे जाळी शिवलेली असेल तर एक कोपरा उसवून दाखवायला सांगा. काठाजवळची टाचणीची छिद्रे हातमागाची खूण म्हणून दाखवतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. यंत्रमागावरही कापड ताणल्याच्या खुणा राहतात. ‘येवल्यातूनच आणली’ हाही पुरावा नव्हे, बाहेरचा यंत्रमागाचा माल तिथल्या दुकानांतही असतो.

निवड कशी करायची? मुलीला, सुनेला पुढे द्यायची साडी असेल तर हातमागच घ्या. भाव पदर किती भरलेला आहे यावर चढतो, कारण भरगच्च पदर विणायला महिने लागतात. बजेट कमी असेल तर पदर साधा घ्या, माग बदलू नका. वर्षातून चार समारंभांना नेसायची असेल तर शुद्ध रेशमाची यंत्रमागाची साडी चांगली, फक्त भाव यंत्रमागाचा द्या. दोन-तीन हजारांत कोणी ‘प्युअर हातमाग’ म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

जरीचे म्हणाल तर, बहुतेक नव्या साड्यांत ती ‘टेस्टेड’ असते, म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. ओल आणि अत्तराने ती काळवंडते, म्हणून साडी सुती कापडात ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला. स्वस्त मालात प्लास्टिकची जर असते.

पैसे देण्याआधी बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ आणि जरीचा प्रकार लिहून मागा. नुसते ‘पैठणी साडी १ नग’ लिहून मिळत असेल तर दुसरे दुकान गाठा.