'आब्सोर्तो' की 'एन्सिमिस्मादो'?

स्पॅनिश शिकणारे इथे हमखास अडतात, कारण शब्दकोश दोन्हींपुढे 'मग्न' लिहून मोकळा होतो.

आधी मन कुठे आहे ते बघा. 'आब्सोर्तो'त ते बहुधा बाहेर खेचलं गेलेलं असतं: पुस्तकात, पडद्यावर. 'एस्ताबा आब्सोर्ता एन ला लेक्तुरा', म्हणजे ती वाचनात गढली होती. चित्रापुढे थक्क होऊन उभ्या माणसालाही हाच शब्द, फक्त तिथे 'एन' (मध्ये) ऐवजी 'आन्ते' (समोर). 'एन्सिमिस्मादो' मात्र 'एन सी मिस्मो', म्हणजे 'स्वतःच्या आत', यातूनच घडलाय. हाक मारली तरी ऐकू न येणारा, आपल्याच विचारांत हरवलेला माणूस. मला हा शब्द फार देखणा वाटतो.

व्याकरण सोपं. दोन्ही 'एस्तार' (स्थिती सांगणारं 'असणे') या क्रियापदाबरोबर, आणि बाईसाठी शेवटी 'आ'. 'एन्सिमिस्मादो' एकटाही पुरतो; 'आब्सोर्तो'ला बहुतेकदा कशात ते जोडावं लागतं.

वाचन, खेळ, दृश्य असेल तर 'आब्सोर्तो' घ्या. खिडकीशी विचारात बुडालेल्यासाठी 'एन्सिमिस्मादो'. आणि हातातल्या कामात किंवा वादात गुंतलेल्यासाठी दोन्ही सोडा, तिथे 'एन्फ्रास्कादो'च चपखल.