माहेर खंडोबा, सासर पाटाकडील आणि मधे फँटसीचा ड्राफ्ट

माझं माहेर खंडोबा तालमीचं, सासर पाटाकडीलचं. कोल्हापूरच्या बाहेर हे सांगून कळत नाही, पण शाहू स्टेडियमवर या दोन संघांचा फुटबॉल सामना असला की आमच्या घरात दुपारपासून कुणी कुणाशी धड बोलत नाही. अशा घरात फँटसी प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगवरच्या ऑनलाइन खेळाचा, ड्राफ्ट खेळायचा ठरला. पैसे लावायचे नाहीत, हे सासूबाईंनी आधीच बजावलं. मग लावलं काय, तर जो आठवा येईल त्यानं सगळ्यांना तांबडा-पांढऱ्यासकट मटणाचं जेवण घालायचं आणि पुढच्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) हंगामात विरुद्ध तालमीची जर्सी घालून, आपल्याच लोकांत बसून एक अख्खा सामना बघायचा. पैसे परवडले असते.

2024-25 चा हंगाम पूर्ण खेळून झाला, म्हणून लिहिते.

आधी खेळ काय ते. लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला संघ करायचा, आणि खऱ्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. नेहमीच्या फँटसीत प्रत्येकाला 100 मिलियनचं बजेट असतं आणि मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर हालांड आठही जणांच्या संघात असू शकतो, त्यामुळं निम्मे संघ सारखेच दिसतात. ड्राफ्टमध्ये किंमत नाही, कॅप्टन नाही, चिप्स (एखाद्या आठवड्यापुरत्या वापरायच्या खास सवलती) नाहीत. एक खेळाडू एकाचाच. दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड असे पंधरा गडी उचलायचे. पहिल्या फेरीत जो शेवटी तो दुसऱ्या फेरीत पहिला, अशी पाळी उलटसुलट फिरते. नंबर खेळच पाडतो. फुकट आहे, मोबाइलच्या ब्राउझरवर चालतं, सगळं इंग्रजीत आहे पण त्यानं कुणाचं अडलं नाही.

आम्ही आठ जण: मी, नवरा, धाकटे दीर, जाऊबाई, पुतण्या, आणि माहेरकडून दादा व त्याचे दोन मित्र. हंगाम 16 ऑगस्टला सुरू होणार होता, त्याआधीच्या रविवारी सगळे आमच्या माडीवर जमले. बाहेर धो धो पाऊस, आत भजी. माझा नंबर आठवा लागला आणि दादा हसला.

आता मी पतसंस्थेत कॅशला बसते. मोजल्याशिवाय मला काही सुचत नाही. आठवा नंबर म्हणजे 8 वी आणि 9 वी पाळी लागोपाठ माझी, मग मधे चौदा गडी दुसरे उचलणार, मग 24 वी आणि 25 वी माझी. म्हणजे मधल्या चौदांत काय संपेल ते बघून आधीच उचलायचं. आठ जणांना तीन-तीन फॉरवर्ड म्हणजे 24 लागणार. क्लब वीस, आणि त्यातले बहुतेक एकच स्ट्रायकर खेळवतात. चांगले तर दहाबाराच. उलट गोलकीपर लागणार सोळा आणि खेळणारे वीस, म्हणजे सगळ्यांचे घेऊन झाले तरी चार उरतात. एवढा हिशोब मी पिग्मीच्या पावतीच्या मागं केला होता. बाकी काही अभ्यास नाही.

पहिले पाच पटापट गेले. भावजींनी हालांड, आमच्या ह्यांनी सलाह, दादानं पामर. जाऊबाई म्हणाल्या, "मी साकालाच घेतो," (आमच्याकडं बायकाही घेतोच म्हणतात) आणि दादाच्या मित्रानं फोडन. फोडन आधीच्या हंगामात 19 गोल करून आला होता, या हंगामात सातवर थांबला. पण तेव्हा कुणाला माहीत? माझ्यापर्यंत पाळी आली तेव्हा मी इसाक आणि वॉटकिन्स, दोन्ही फॉरवर्ड एका दमात उचलले. पुतण्यानं कपाळावर हात मारला.

त्याचं कारण त्यानं पैसे भरून एक तयार यादी घेतली होती. कुणाची ते लिहीत नाही. यादी दिसायला झकास, रंगीत रकाने, प्रत्येक खेळाडूपुढं तारे. पण ती होती नेहमीच्या बजेटवाल्या खेळासाठी. साडेचार मिलियनमध्ये कोण पैसे वसूल करून देतो, याच्यावर सगळा जोर. ड्राफ्टमध्ये किमतीला काय चाटायचंय? पोरगं चौथ्या फेरीत एक "स्वस्त आणि मस्त" डिफेंडर घेऊन बसलं, तो कुणी बाराव्या फेरीतही घेतला नसता. यादी विकत घेणारच असाल तर ती ड्राफ्टची आहे का एवढं तरी बघा.

त्या माडीवर यादीपेक्षा माणसं वाचणं जास्त कामाला आलं. भावजी मँचेस्टर सिटीचे कट्टर. त्यांनी दुसऱ्याच फेरीत, 16 व्या पाळीला, एडरसन घेतला. गोलकीपर! पुढं वॉकरही घेतला, जो जानेवारीत मिलानला निघून गेला. त्यांना बाकी क्लबांतल्या फॉरवर्डशी काही देणंघेणं नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून ख्रिस वूडला मी निवांत 56 व्या पाळीपर्यंत ठेवला. "वहिनी, म्हातारा घेतलाय," असं भावजी म्हणालेच. वूड तेव्हा 32 वर्षांचा होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी त्यानं 20 गोल मारले. आणि माझ्या शेवटच्या, म्हणजे सगळ्या ड्राफ्टमधल्या 120 व्या पाळीला उरलेल्या गोलकीपरांतून त्याच क्लबचा सेल्स घेतला. तो 13 क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) राखून आर्सेनलच्या रायाबरोबर सगळ्यांत जास्त क्लीन शीटसाठीच्या गोल्डन ग्लोव्हचा मानकरी झाला. ही हुशारी नव्हे. हिशोब एवढाच होता की कीपर शेवटी घेतला तरी चालतो.

एक गोष्ट मात्र आधीच करून ठेवा: वॉचलिस्ट, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूंची यादी, भरा. प्रत्येक पाळीला आम्ही दीड मिनिट ठेवलं होतं. नवव्या फेरीत लाईट गेली, राउटर बंद पडला, जाऊबाई अंधारात टॅब हलवत बसल्या आणि वेळ संपली. त्यांची वॉचलिस्ट रिकामी, त्यामुळं खेळानं आपल्या मनानं एक गडी त्यांच्या गळ्यात घातला. परत पाळी मिळावी म्हणून अर्धा तास भांडण झालं, भजी गार झाली.

ड्राफ्ट एका दिवसाचा, पण वेव्हर वर्षभर. कुणाकडंच नसलेला खेळाडू हवा असेल तर मागणी टाकून ठेवायची, आणि तक्त्यात जो खाली त्याला पहिला मान. हे मला फार आवडलं, खालच्याची आशा टिकते. मागण्यांचा निकाल संघ लावायच्या मुदतीच्या 24 तास आधी लागतो. शनिवारी दुपारचा सामना असला की आपल्याकडं हा निकाल शुक्रवारी साडेतीनला, आणि तिकडं थंडीत घड्याळं मागं गेली की साडेचारला. साडेचार म्हणजे नेमके पिग्मी एजंट भरणा घेऊन काउंटरवर उभे. एकदा दहाच्या नोटांचं बंडल मशीनमधून दोनदा काढलं, दोन्ही वेळा वेगळा आकडा आला, कारण लक्ष ड्रॉवरमधल्या मोबाइलवर. साहेबांनी बघितलं. ते काही बोलले नाहीत, पण या वर्षी त्यांनाही खेळायचंय म्हणे.

आता माझी चूक. आपापसात अदलाबदलही करता येते. 14 जानेवारीला पामरनं बोर्नमथविरुद्ध गोल केला आणि दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन: "तायडे, तू माहेरची म्हणून पामर देतोय. एम्ब्युमो दे." मी भुलले. त्यानंतर पामरचा लीगमधला पुढचा गोल थेट 4 मेला, लिव्हरपूलविरुद्ध, तोही पेनल्टीवर. एम्ब्युमोनं हंगाम 20 गोलांवर संपवला. मी पामरला दर आठवड्याला खेळवत राहिले, या आठवड्यात मारेल म्हणून. राखी पौर्णिमेला दादाकडून साडी नको, एम्ब्युमो परत दे म्हणाले.

दादा दुसरा आला, मी तिसरी. पहिला आमचा नवरा. ना यादी, ना पावतीमागचा हिशोब. दुसऱ्या पाळीला सलाह घेतला आणि गप्प बसला. सलाहचे 29 गोल, 18 असिस्ट (गोल करून दिलेले पास), 344 गुण. हा खेळ डोक्याचा आहे असं मी वर इतकं लिहिलंय खरं, पण सलाह ज्याच्याकडं त्याला डोकं लागलं नाही.

आठवे भावजी. हालांडनं पहिल्या पाच सामन्यांत 10 गोल केले तेव्हा ते सगळ्यांना मटणाचा मेनू विचारत फिरत होते. मग रॉड्रीचा गुडघा गेला, सिटी घसरली, मार्चअखेर हालांडचाही घोटा दुखावला. त्यांच्या संघात सिटीशिवाय उरलं काय होतं?

या खेळाला माझे पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो शुक्रवारच्या साडेचारसाठी.

मटण जूनमध्ये झालं, पांढरा रस्सा जरा पातळ होता. जर्सी अजून बाकी आहे. दादानं खंडोबाची नवी जर्सी आणून, इस्त्री करून, पिशवीत घालून आमच्या दारात ठेवली. भावजींनी हात लावला नाही. सासूबाईंनी पिशवी उचलली, आत डोकावून बघितलं आणि जिन्याखाली, बागेच्या नळीशेजारी ठेवून दिली.