गच्चीवरचा हीट पंप: तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

आंघोळीला गरम पाणी देणारं मशीन, २०० लिटरचं. टाकी खाली, कॉम्प्रेसर आणि पंखा तिच्या डोक्यावर, असं एकसंध मॉडेल. जागा पुण्यातल्या दुमजली बंगल्याची गच्ची. माणसं पाच, बाथरूम तीन. वापर १४ महिन्यांचा, आणि वीज मोजायला वेगळा सबमीटर, कारण मशीनच्या पडद्यावर दिसणारी 'बचत' फारशी विश्वासाची नसते.

हीट पंप पाणी तापवत नाही, तो हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. फ्रीजच्या मागे हात लावला की लागते ती ऊब, इथे टाकीभोवती गुंडाळलेल्या नळीत असते. वीज जाते ती उष्णता उचलण्याच्या हमालीला. म्हणून १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. माहितीपत्रकात ते ४ च्या वर छापलेलं असतं, पण हवा किती अंशांची आणि पाणी कितीपासून किती अंशांपर्यंत तापवलं, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. युरोपातल्या ईएन १६१४७ चाचणीत टाकीतून वाया जाणारी उष्णताही धरतात, त्यामुळे तो आकडा असेल तर तोच मागा.

आमच्या मीटरचा हिशोब असा. हिवाळ्यात नळाचं पाणी २० अंश, टाकी ५२ वर लावलेली. २०० लिटर पाणी ३२ अंशांनी तापवायला साधारण साडेसात युनिट उष्णता लागते, चोवीस तासांत टाकीतून गळणारी धरून नऊच्या घरात. मशीन त्यासाठी अडीच युनिट वीज घेतं. पावसाळ्यात दोनाच्या आसपास. मे महिन्यात वरच्या टाकीतलंच पाणी ३५ अंशांचं असतं, तेव्हा एका युनिटच्या आसपास काम भागतं. पावसाळ्यातला आकडा बऱ्याच जणांना खोटा वाटतो. पण दमट हवेतलं बाष्प गार कॉइलवर (हवेतली उष्णता उचलणाऱ्या नळ्यांवर) जमतं तेव्हा स्वतःची उष्णता सोडून जातं, आणि ती मशीनला फुकटात मिळते. सोलर हीटर जुलैमध्ये रुसून बसतो, तेव्हा हा उलट खुशीत असतो.

मात्र हे अडीच युनिट दुपारी चालवल्यावरचे आहेत. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. गिझरच्या सवयीने लोक टायमर पहाटे साडेचारचा लावतात. जानेवारीत त्या वेळी हवा १०-११ अंश, दुपारी २ वाजता २८. त्याच पाण्याला पहाटे साडेतीन युनिटच्या आसपास लागतात, दुपारी अडीच. शिवाय पहाटे कॉइलवर दव गोठायची शक्यता. पुण्यात ते क्वचित होतं, निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत नक्की होईल, आणि बर्फ वितळवायला मशीन मधेच थांबतं. टायमर दुपारी १२ ते ५ ठेवा. टाकीला ५० मिलिमीटरचा पफ (उष्णता अडवणारा फोम) असेल तर दुपारी ५२ ला पोचलेलं पाणी सकाळी ४८-४९ असतं. घरी सोलर पॅनल असतील तर दुपारची वीजही घरचीच.

म्हणजे वागणूक गिझरची नाही, जुन्या तांब्याच्या बंबाची. बंबात वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर, तसंच इथे गार पाणी तळाशी शिरतं आणि गरम वरून निघतं. संपलं की संपलं. पुन्हा तापायला चार तास, कारण कॉम्प्रेसर पाण्याला देतो ती उष्णता जेमतेम १.८ किलोवॉट. त्यामुळे लिटर निवडताना बादल्यांत मोजा. ५२ अंशांच्या २०० लिटरपैकी वापरण्याजोगं १७० धरा, त्यात २० अंशांचं विसण घालून ४० अंश केलं की २७० लिटर होतं, म्हणजे २० लिटरच्या साडेतेरा बादल्या. पाच जणांना दोन-दोन, वर स्वयंपाकघराला थोडं. शॉवरवाले असतील तर मिनिटाला ८ लिटरने गुणा आणि सरळ ३०० लिटर घ्या.

पाहुणे आले तर म्हणून आत एक साधा हीटर असतो, दीड-दोन किलोवॉटचा. मशीन 'ऑटो'वर असेल तर तो न विचारता सुरू होतो. वीजबिल चढल्याच्या तक्रारींमागे बहुधा हाच असतो. 'इको'वर ठेवा आणि आठवड्यातून एकदाच त्याच्याकडून पाणी ६० वर नेऊन घ्या. कोमट साठ्यात लेजिओनेला नावाचे जीवाणू वाढू शकतात, त्यासाठी हे हवंच. रोज ६० वर ठेवणं मात्र महागात पडतं: प्रत्येक वाढीव अंशाला सीओपी दोन-अडीच टक्क्यांनी घसरतो आणि क्षारही भराभर बसतात.

आता प्लंबिंग. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ ला गेलं की सव्वादोन लिटरने फुगतं. गार पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, असेल (प्रेशर पंप असलेल्या घरात तो असतोच) तर या वाढलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. दाब वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकायला लागतो. व्हॉल्व्ह बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतो आहे. पण 'गळतंय' म्हणून प्लंबर तिथे प्लग ठोकून देतो, आणि त्या क्षणी गच्चीवर एक बंद बॉयलर तयार होतो. उपाय दोन: गार लाइनवर एनआरव्ही आणि मशीन यांच्या मध्ये ८ ते १२ लिटरचं एक्स्पान्शन व्हेसल (फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी), किंवा व्हॉल्व्हची नळी मोकळ्या जाळीवर सोडून ठिबकणं मान्य करणं. नळीच्या तोंडाला काहीही लावायचं नाही. नुसत्या गुरुत्वाच्या पाण्यावर चालवायचं असेल तर वरच्या टाकीचा तळ मशीनच्या गरम आउटलेटपेक्षा उंच हवा. जिन्याच्या खोलीवर टाकी असेल तर जमतं, गच्चीवर वीटकामावर ठेवलेली असेल तर बहुधा नाही.

गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याची प्लास्टिकची पाइपलाइन) १५ मीटर झाली की तिच्यात चार लिटर पाणी उभं राहतं. सकाळी तेवढं गार आधी येतं. आत राहिलेलं गरम पाणी निवतंच, म्हणून गरम लाइनला १९ मिलिमीटर नायट्राइल रबराची गुंडाळी आणि गच्चीवर तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची टेप. उन्हात उघडी नायट्राइल दोन वर्षांत भुगा होते.

खडकवासल्याचं पाणी तसं सौम्य, पण टँकर आणि बोअरचं मिसळलं की गणित बदलतं. आतून काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड, म्हणजे एक सळई, असतो. टाकीच्या पत्र्याऐवजी तो गंजून घेतो. क्षारयुक्त पाण्यात लवकर संपतो. वर्षाने उघडून पाहिला तेव्हा निम्मा उरला होता. आतली तार दिसली की बदलायचा, ही खूण. तो वरून काढायचा असेल तर छत आणि मशीन यांत पुरेशी मोकळी जागा आधीच सोडा, नाहीतर पूर्ण २०० लिटरची टाकी हलवावी लागते. स्टीलच्या टाकीला अ‍ॅनोड नसला तरी ३०४ दर्जाच्या स्टीलला क्लोराइडने टाचणीएवढी भोकं पडतात, बोअरच्या पाण्याला ३१६ एल विचारा. कोकणात खाऱ्या हवेमुळे कॉइलच्या पट्ट्यांवर संरक्षक लेप हवा, नाहीतर पांढरी भुकटी सुटते.

बाकी त्रास किरकोळ. पुण्यात कबुतरं. पंख्याच्या तोंडाशी घरटं झालं की हवा अडते आणि वेळ तासाभराने वाढतो. १२ मिलिमीटरची जाळी पुरते, डासांची जाळी लावली तर तीच हवा अडवते. एप्रिलमध्ये कॉइल साध्या पाण्याने धुवा, प्रेशर जेटने पट्ट्या आडव्या होतात. पावसाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी ठिबकतं, त्याला उतार द्या. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतायचा सल्ला मिळेल. ओतू नका, त्यात कॉइलची धूळ आणि धातू असतो. बाहेर पडणारी गार हवा स्वयंपाकघरात फिरवायची कल्पना कागदावर छान आहे. पण मे महिन्यात मशीन दिवसाला दोन-अडीच तासच चालतं, म्हणजे गारवा हवा तेव्हाच नाही. बंद खोलीत ठेवलं तर तीच हवा पुन्हा ओढून मशीन स्वतःचंच नुकसान करतं. आवाज खिडकीतल्या एसीपेक्षा कमी, पण शयनगृहाच्या भिंतीला टेकवू नका.

भरलेलं मशीन ३०० किलोच्या आसपास जातं. स्लॅबच्या मध्यावर नाही, बीमवर ठेवा. टेम्पोतून आडवं आणलं असेल तर उभं करून किमान काही तास थांबा, कॉम्प्रेसरचं तेल परत खाली बसू द्या. वेगळी १६ अँपिअर लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं, शेजारच्या दिव्याच्या पॉइंटवरून ओढलेलं नाही.

पैशांचं म्हणाल तर लाखाच्या आगेमागे खर्च, तीन चांगल्या गिझरच्या तिपटीहून जास्त. आमच्या वापरात वर्षाला १७०० युनिटच्या जवळपास वाचतात, आणि ती बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. पाच वर्षांत वसूल. दोघांचंच घर असेल आणि रोज ६० लिटरच लागत असेल तर घेऊ नका: टाकीतून गळणारी उष्णता तुमच्या आंघोळीइतकीच होईल, त्यापेक्षा १५ लिटरचा पंचतारांकित गिझर आणि दहा मिनिटांचा टायमर बरा. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीकडून मशीनची जागा आणि ठिबकणाऱ्या पाण्याची वाट लेखी मंजूर करून घ्यावी, मग दुकानात जावं.