कटान : चवथीला मांडण्याजोगा पट

चवथीला घर भरलेलं असतं, पण कटानचं मूळ खोकं तीन-चार जणांपुरतंच आहे, हे विकत घेण्याआधी बघा. पाच-सहा जण बसणार असतील तर विस्तार-संच वेगळा घ्यावा लागतो. 1995 साली जर्मनीत आलेला हा खेळ आजही रंगतो तो लोकर, वीट अशा मालाच्या पत्त्यांच्या देवघेवीमुळे. दुसऱ्याची पाळी असली तरी तुम्ही त्याला लोकर देऊन वीट मागू शकता, नुसतं बघत बसावं लागत नाही.

19 षटकोनी तुकडे, दोन फासे आणि 10 गुणांवर जिंकणं. फाशांच्या 36 जोड्यांपैकी 6 आणि 8 प्रत्येकी 5 वेळा येतात, म्हणून पहिली वस्ती हे आकडे असलेल्या तुकड्यांच्या शेजारी हवी; तुकड्याचा आकडा पडला की शेजारच्या वस्तीला माल मिळतो. नवखे मात्र सुरुवातीच्या दोन्ही वस्त्या एकाच आकड्यावर लावतात आणि तो रुसला की अडकतात. 7 पडला आणि हातात सातापेक्षा जास्त पत्ते असले, तर अर्धे गेलेच. तेव्हा साठवत बसू नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात जपायला हवं. दमट हवेत पुठ्ठा फुगतो, मग तुकडे चौकटीत नीट बसत नाहीत. पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घाला, खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि ते ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका.