शनिवारचं रेशन टेबल: पाच फेऱ्यांनंतरचा माझा अनुभव

पुण्यात टेकडीच्या उताराला आमची वस्ती आहे. वस्तीतल्या समाजमंदिरात दर शनिवारी अकरा ते एक दोन मुली आणि एक निवृत्त काका रेशनकार्डाच्या कामांसाठी बसतात. बोर्ड नाही, नाव नाही, सगळे ‘शनिवारचं टेबल’ म्हणतात. जूनपासून मी तिथे पाच वेळा गेले. बायका मला विचारतात, खरंच काम होतं का, पैसे किती घेतात. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

मी चार घरच्या पोळ्या करते, आमचे हे रंगकामाला जातात. गाव परभणी जिल्ह्यातलं. पुण्यात येऊन नऊ वर्षं झाली, पण रेशनकार्ड गावीच राहिलं. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंब योजनेतलं, सासूबाईंच्या नावावर. धान्य गावी भाऊजी उचलतात. मला वाटायचं की कार्ड जिथलं, धान्यही तिथलंच. म्हणून नऊ वर्षं गहू-तांदूळ किराणा दुकानातून विकत आणला. कामं सुटली की एक किलो, पगार झाला की पाच किलो, अशा हिशेबाने.

मधे एकदा धाकट्या मुलाचं नाव कार्डावर चढवायचं म्हणून एका एजंटाला अडीच हजार रुपये दिले. कागद त्याने घेतले, ‘टाकलंय ऑनलाइन, होईल’ म्हणाला. वर्षभर ‘होईल’च चाललं होतं. त्याच्याकडे जाऊन जाऊन चपला झिजल्या. त्याच्या दुकानात कॉम्प्युटर होता, पण त्याची पाठ कायम आमच्याकडे. तो काय बघतोय, काय टाइप करतोय, आम्हाला कधी दिसलंच नाही.

शनिवारच्या टेबलावर पहिल्या दिवशी तिथल्या एका मुलीने कार्डावरचा बारा अंकी नंबर महाईपॉस या रेशनच्या सरकारी साइटवर टाकला आणि लॅपटॉप उचलून माझ्या बाजूला फिरवला. “ताई, तुम्हीच वाचा,” म्हणाली. माझं शिक्षण दहावीपर्यंत झालंय, मराठी वाचता येतं आणि आकडेही कळतात. समोर आमच्या कुटुंबाची आठ नावं होती. प्रत्येक नावापुढे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालंय की नाही ते. खाली कोणत्या महिन्यात, कोणत्या तारखेला, किती किलो गहू आणि किती किलो तांदूळ उचलला, तेही. माझं नाव मी सरकारी यादीत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन वेळा बोट ठेवून वाचलं.

त्या आठ नावांत एक मामंजींचं होतं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मला एकदम अवघडल्यासारखं झालं, कारण त्यांच्याही वाट्याचं पाच किलो दर महिन्याला घरी येत होतं. भाऊजींनी काही लबाडी केली नव्हती, दुकानातून जेवढं मापून मिळायचं तेवढं ते आणायचे. मुलीने आवाज चढवला नाही की चेहऱ्यावर काही आणलं नाही. एवढंच म्हणाली, “मृत्यूचा दाखला जोडून आधी आजोबांचं नाव कमी करून घ्या. बाकीचं त्यानंतर.” हे तिने ठामपणे सांगितलं, आणि मला ते बरं वाटलं. आधी खरं करून घ्या, मग हक्काचं मागा.

मग तिने हिशेब मांडला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, अगदी गरिबांच्या अंत्योदय कार्डाला घरटी पस्तीस किलो. पूर्वी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं मोफतच ठेवलाय. मामंजींचं नाव गेलं की सात माणसं, पस्तीस किलो. त्यात आम्ही तिघं, म्हणजे आम्ही दोघं आणि मुलगी. आमचे पंधरा किलो. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे ते आम्हाला पुण्यातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात उचलता येतात, कार्ड गावचं असलं तरी. बाकी चौघांचं गावी भाऊजींनी उचलायचं. नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, वेगळं कार्डच काढू का? इथे काका बोलले, आणि त्यांनी घाईने ‘काढा’ म्हटलं नाही. वेगळं कार्ड म्हणजे नवा अर्ज, इथला रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला. शहरात प्राधान्य योजनेची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये, खेड्यात ४४,०००. पुण्यात ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. आमच्या खोलीचं भाडं आणि लाइट बिल काढलं तर किती उरतं, ते भाडेकरू असेल त्याला कळेल. ही रक्कम आता वाढवायला हवी असं मला मनापासून वाटतं. काका म्हणाले, आत्ता तुमचा वाटा इथे सुरू करा, कार्डाचं घाईने ठरवू नका, घरी बसून बोला. एजंट असता तर त्याच दिवशी दोन हजार मागून मोकळा झाला असता.

घरी बोलणं हेच खरं अवघड काम होतं. रात्री भाऊजींना फोन लावला. “वहिनी, तुम्ही पुण्यात कमावताय, आम्हाला शेतात काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे,” म्हणाले. खोटं नव्हतं ते. मी म्हणाले, “भाऊजी, तुमचं चौघांचं तुमचंच आहे. आमच्या तिघांचं तेवढं इथे उचलू द्या.” थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागून सासूबाईंचा आवाज आला, “लेकरांच्या वाट्याचं लेकरांनीच खावं.” विषय मिटला. पुढच्या महिन्यापासून भाऊजींनी आमचे पंधरा किलो सोडले, आणि मामंजींचं नाव कमी करायचा अर्जही त्यांनीच तालुक्याला जाऊन दिला.

माझ्या मुलीचं आणखी एक निघालं. तिच्या नावापुढे ई-केवायसी बाकी होतं आणि दुकानातल्या मशीनवर तिचं बोट लागत नव्हतं. टेबलावरच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, आधार कितव्या वर्षी काढलं? तिसऱ्या. इतक्या लहान वयात बोटांचे ठसे घेतच नाहीत. पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, आम्ही कधी गेलोच नव्हतो. आधार केंद्रात ठसे देऊन आलो, काही दिवसांनी दुकानात पहिल्याच वेळी बोट लागलं. ज्यांची पोरं शाळेत जायला लागलीत त्यांनी हे आधी तपासा.

ऑगस्टमध्ये सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्यात आल्या. त्यांचं बोट तर कुठल्याच मशीनवर उठत नाही. आयुष्यभर कापूस वेचला, भांडी घासली, सारवलं. सत्तरीत रेघा राहतात कुठे बोटांवर. गावच्या दुकानात दहाही बोटं लावून पाहून त्या दर वेळी परत यायच्या, आणि धान्य बंद होईल म्हणून रात्र रात्र झोपायच्या नाहीत. पट्टी निघून डोळा बरा झाल्यावर त्यांना टेबलावर नेलं. तिथे मोबाइलवर ‘मेरा ई-केवायसी’ आणि आधारचं चेहरा ओळखण्याचं अशी दोन अॅप होती. आधार नंबर टाकला की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो मोबाइल गावी भाऊजींकडे. मी फोन लावून धरला, भाऊजी एकेक आकडा वाचत होते. टेबलावरच्या मुलीने तेव्हाच मला बजावलं, “आत्ता तुम्ही समोर बसलाय म्हणून. एरवी फोनवर कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, आमचं नाव सांगून मागितला तरी नाही.”

आत उजेड कमी होता म्हणून काकांनी सासूबाईंना दारात खुर्ची दिली. पदर डोक्यावरून मागे घ्यायला त्यांना जड गेलं, परक्या माणसांसमोर त्यांनी तो कधी घेतला नव्हता. मुलगी म्हणाली, “आजी, फक्त कानापर्यंत. बास, एवढंच.” मग डोळे मिचकवायला सांगितलं. सासूबाईंनी गच्च मिटून घेतले. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा ती मुलगी स्वतः त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि हळू हळू पापण्या मिटून उघडून दाखवायला लागली, तिचं बघून सासूबाईंच्या पापण्या हलल्या, आणि चेहऱ्याभोवतीचा गोल हिरवा झाला. “झालं आजी.” त्यांचा विश्वास बसेना. मला म्हणाल्या, परत विचार, खरंच झालं का. मुलीने पुन्हा स्क्रीन फिरवली आणि नाव दाखवलं. सासूबाईंना वाचता येत नाही, तरी कितीतरी वेळ त्या त्या नावाकडे बघत होत्या.

दुकानात मात्र एवढं सोपं झालं नाही. पहिल्या दुकानदाराने कार्ड बघूनच ‘बाहेरगावचं इथे चालत नाही’ म्हणून परत पाठवलं. टेबलावरून मला १९६७ आणि १८००-२२-४९५० हे तक्रारीचे नंबर लिहून मिळाले होते. मी तिथे उभी राहूनच फोन काढला. भांडले नाही, नंबर वाचून दाखवला, त्यावर ‘महिनाअखेरीला या’ असं उत्तर मिळालं. पंचवीस तारखेनंतर गेले. मशीनवर बारा अंकी नंबर टाकला, अंगठा लावला, पंधरा किलो मापून पिशवीत पडलं. पातळ कागदाची पावती मागून घेतली. पावती मागायचीच, हे टेबलावर प्रत्येकाला सांगतात. ती मी डब्याच्या झाकणाला चिकटवली आहे.

पैशांचं म्हणाल तर टेबलाने माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. बाहेर झेरॉक्सला खर्च झाला तेवढाच. झेरॉक्स स्वतःकडे ठेवत नाहीत, काम झालं की तुमच्या हातात परत देतात. कागद सगळीकडे पसरलेले मी एजंटाकडे पाहिले आहेत, म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते. आणि होत नसेल तर तोंडावर सांगतात. शेजारच्या पांढऱ्या कार्डवाल्या बाईला त्यांनी तुमच्या उत्पन्नात मोफत धान्य बसत नाही असं सरळ सांगितलं, पण तिच्या लहान मुलाला अंगणवाडीत काय काय मिळतं तेही समजावलं आणि कामावरच्या दिवसांसाठी दहा रुपयांची शिवभोजन थाळी कुठे मिळते ते दाखवलं.

आता त्यांच्या चुका. टोकन पंचवीसच असतात आणि नऊ वाजल्यापासून रांग लागते. नऊ ते अकरा माझ्या पोळ्यांची वेळ. दोन शनिवारी मी एका घरचं काम बुडवलं आणि तिथल्या ताईंचं बोलणं ऐकून घेतलं. रोजंदारीवरच्या माणसाला तर अख्खा दिवसच जातो. संध्याकाळी सात ते नऊ बसले तर निम्मी वस्ती येईल. मी हे त्यांना सांगितलंय. दुसरं, आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणायचा, हे मला आधी सांगितलं नाही. एक फेरी वाया गेली. दारावर एक कागद चिकटवला तरी पुरेल: बारा अंकी नंबर, सगळ्यांची आधार कार्डं, आधारला जोडलेला मोबाइल, लहान मुलाचा जन्मदाखला. तिसरं, दोघींपैकी एक मुलगी फार भराभर बोलते, आणि ‘पब्लिक लॉगिन’, ‘पेंडिंग’ असे शब्द वापरते. म्हाताऱ्या माणसांना कळत नाही आणि ती लाजून पुन्हा विचारतही नाहीत. काका मात्र न कंटाळता दोनदा सांगतात, त्यांच्या खुर्चीसमोर बसायला मिळालं तर बसा.

धाकट्याचं काम अजून पूर्ण झालेलं नाही. एजंटाने अर्जच केला नव्हता, साइटवर त्याचा मागमूस नव्हता. टेबलावर माझ्यासमोर नवा अर्ज भरला, जन्मदाखला आणि आधार जोडलं, आणि सप्टेंबरमध्ये त्याचं नाव कार्डावर चढलं. मी पेढे आणणार होते. काकांनी थांबवलं. नाव कार्डावर येणं वेगळं आणि त्या नावाला धान्य सुरू होणं वेगळं. राज्याला साधारण सात कोटी माणसांचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य मिळणार तो आकडा, ठरवून दिलाय, तोही २०११ च्या जनगणनेवरून. त्यात जागा रिकामी झाली की नवीन नाव आत जातं. धाकटा तेव्हा जन्मलाही नव्हता. हे ऐकून मला रडू आलं, पण खोटी आशा लावून पाठवलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. इष्टांकात घेण्यासाठी अर्ज कसा द्यायचा ते त्यांनी लिहून दिलं, पोच घ्यायला सांगितलं. पोच घेतली आहे.

आता साइट मीच माझ्या मोबाइलवर उघडते. परवा पाच तारखेलाही पाहिलं, अजून आमच्या वाट्याचं पंधराच किलो दिसतंय, धाकट्याचं नाही. येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे, पोच सोबत घेऊन. खालच्या गल्लीतल्या दोन बायका माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांची कार्डं एक बीडचं, एक कर्नाटकातलं. साडेआठला समाजमंदिरापाशी भेटायचं ठरलंय.